झोपलेल्या संगणकाला झोपू द्या

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी आई सकाळी टेबलावरून आणि कीबोर्डावरून फडके फिरवते आणि रात्री स्लीपमध्ये ठेवलेला संगणक, कोणी न बोलावता, पंखा घरघरवत जागा होतो. कोणाचे लक्ष नसेल, तर तो विनाकारण वीज खात बसतो. हे रोजचेच झाले आहे आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

कीबोर्ड ज्या यूएसबीने संगणकाला जोडतात, तिच्या मानकातच उपकरणाने संगणकाला जागे करण्याची सोय आहे, आणि ती असावीही. पण कळ चुकून दाबली गेली की मुद्दाम, याचा काडीचाही विचार न करता कीबोर्डाने प्रत्येक स्पर्शाला हाक समजावे, हे कोणते शहाणपण? विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून ही परवानगी काढून घेता येते, लिनक्समध्येही येते, परंतु मग कीबोर्डावरून संगणक उठवणेच बंद होते आणि संगणक बदलला की तोच खटाटोप नव्याने करावा लागतो.

हा निर्णय कीबोर्डातच व्हायला हवा. क्यूएमके या मुक्त फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डाच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, संगणक निद्रिस्त असताना कळा तपासल्या जातात आणि कोणतीही एक दाबलेली आढळली की जागे होण्याचा संकेत जातो. ती अट बदलून ‘दोन ठरावीक कळा एकत्र दाबल्या तरच’ अशी करणे हे काही ओळींचे काम आहे. रंगीबेरंगी दिव्यांचे असंख्य प्रकार देणाऱ्या महागड्या कीबोर्डांत एवढी साधी सोय सहसा नसावी आणि ग्राहकाने त्यासाठी स्वतः फर्मवेअर तयार करून चढवावे, ही अपेक्षाच मला अन्यायाची वाटते.