लढाऊ विमानाचे मॉडेल चार दिवसांत होते काय?

गेल्या पावसाळ्यापासून बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरत आहे. फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवण्याचा अनुभव देणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, घरी बसून लढाऊ विमानांची मॉडेल बनवणाऱ्या मुलांविषयीचा हा संदेश थोडक्यात असे सांगतो की ही मॉडेल म्हणजे नुसती चित्रे असून ती चार दिवसांत होतात, त्यांचा खऱ्या उड्डाणाशी संबंध नसतो, ती हुबेहूब व्हावीत म्हणून लष्करी गुपिते मिळवावी लागतात आणि फुकट वाटली जात असल्याने ती कोणीही उचलावीत. नुसत्या चित्रांना लष्करी गुपिते कशाला लागतील, हा प्रश्न संदेश लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही. बेळगावच्या शहापुरातील आम्ही तिघे फ्लाइटगिअर या मुक्त सिम्युलेटरसाठी एचएफ-२४ मारुत हे भारतात बनलेले जुने लढाऊ विमान दीड वर्षापासून तयार करत आहोत, म्हणून हे उत्तर.

चित्राचा भाग खोटा नाही. ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या प्रोग्रॅममध्ये विमानाचा आकार घडवणे, त्यावर रंग-रेषांचे टेक्श्चर चढवणे, चाके आणि कॅनॉपी (वैमानिकावरचे पारदर्शक झाकण) हलती करणे हे काम करावेच लागते आणि त्यासाठी आम्ही बंगळूरच्या एचएएल या सरकारी विमान कंपनीच्या संग्रहालयातील मारुतभोवती अख्खा दिवस घालवला. परंतु साचा पाहून कास्टिंग ओतले म्हणजे भाग तयार झाला, असे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कोणी म्हणत नाही. खरे काम त्यानंतर मशिनवर होते. आम्ही वापरतो त्या जेएसबीसिम या गणनायंत्रणेत तर विमानाचा दिसणारा आकार उड्डाणाच्या हिशोबात येतच नाही. हिशोबात येते ती एक मजकुराची फाइल, जिच्यात वजन, गुरुत्वमध्य, चाकांच्या जागा, इंजिनाची ताकद आणि पंखांवर निर्माण होणाऱ्या बलांचे तक्ते असतात. ब्लेंडरमधील आकार काढून टाकला तरी अदृश्य विमान तसेच उडते. तक्ते काढले तर सुंदर विमान धावपट्टीवरच बसून राहते.

उड्डाणाशी संबंध नाही, या मुद्द्याला आपल्या सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, धावपट्टीचेच उदाहरण पुरे आहे. ती समुद्रसपाटीपासून सुमारे ७५८ मीटर उंचीवर आहे, त्यामुळे प्रमाण वातावरण धरले तरी तेथील हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते, आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३६ अंशांवर गेला की ही तूट १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. पंखाला मिळणारी उचल घनतेच्या आणि वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तेवढेच वजन उचलण्यासाठी विमानाला सुमारे ८ टक्के अधिक वेगाने धावावे लागते, आणि विरळ हवेमुळे इंजिनाची ताकदही त्याच वेळी घटलेली असते. सिम्युलेटर हा हिशोब सेकंदाला १२० वेळा करतो.

मारुतच्या बाबतीत हे विशेष जाणवते. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली आखलेले आणि १७ जून १९६१ रोजी प्रथम उडालेले हे विमान ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या अपेक्षेने घडवले गेले, पण ज्या अधिक ताकदीच्या इंजिनावर आराखडा बेतला होता ते कधी आलेच नाही. त्याला आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून ताकद वाढवणारी सोय) नसलेली दोन ऑर्फियस इंजिने मिळाली, ज्यांचा एकत्रित थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, विमानाच्या भरल्या वजनाच्या निम्म्याच्या आतबाहेर राहिला. आमच्यातल्या एकाने ‘फार संथ वाटते’ म्हणून इंजिनाचे आकडे गुपचूप वाढवले होते. ते आम्ही परत खाली आणले, कारण संथपणा हीच त्या विमानाची खरी गोष्ट आहे.

गुपितांचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यावा लागेल, कारण त्यामागे एक खरी घटना आहे. २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या खेळाच्या एका खेळाडूने, खेळातील रणगाडा चुकीचा दाखवला आहे हे सिद्ध करण्याच्या हट्टापायी, ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाड्याच्या माहितीपुस्तिकेतील पाने उघड केली. हा मूर्खपणाच होता. पण ते वाद जिंकण्यासाठी होते, मॉडेल बनवण्यासाठी नव्हे. एफ-१६ चे उदाहरण पाहा: नासाने १९७९ मध्ये विंड टनेलमधील (विमानाच्या प्रतिकृतीवर हवा सोडून बले मोजण्याच्या बोगद्यातील) मोजमापांसह त्या विमानाच्या उड्डाणगुणांवर एक अहवाल प्रसिद्ध केला. तो आजही कोणालाही वाचता येतो, आणि विद्यार्थ्यांपासून हौशी मंडळींपर्यंत अनेकांनी तेच तक्ते वापरले आहेत. जेथे असा अहवाल नाही तेथे पंखाच्या मापांवरून बलांचे गुणांक काढून देणारा डिजिटल डॅटकॉमसारखा जुना, खुला प्रोग्रॅम वापरता येतो. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ ची भीती मुलांना घालायचीच असेल तर ती योग्य ठिकाणी घालावी: सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, त्या आवाराचे फोटो काढू नयेत. आम्ही काढत नाही.

फुकट म्हणजे बेवारस, हेही चूक. फ्लाइटगिअर जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली आहे. त्या परवान्यातील मॉडेल बदलता येते, विकताही येते, पण पुढच्याला मूळ फायली आणि तेच हक्क द्यावे लागतात. उलट विकत मिळणाऱ्या खेळातून आकार उचलून स्वतःच्या नावावर खपवणारे आहेत, आणि त्यांच्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही.

एक गोष्ट मान्य करतो. मारुतचे विंड टनेलमधील तक्ते आमच्या हाती नाहीत, त्यामुळे नाक फार वर गेल्यावर, म्हणजे पंखावरचा प्रवाह सुटू लागल्यानंतर, आमचे विमान जे करते तो अंदाज आहे, आणि मॉडेलसोबतच्या टिपणात पहिल्याच ओळीत आम्ही तसे लिहून ठेवले आहे.