"सगळे एकच" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज फिरला: "सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर सगळे एकच. नुसतं बोलायचे पैसे घेतात. आणि गोळी एकदा सुरू झाली की जन्मभर सुटत नाही." वाचून मला राहवलं नाही.

"सगळे एकच." मुळीच नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. तो औषध लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही. चाचण्या आणि थेरपी हे त्याचं काम, आणि त्याची आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदणी असायला हवी. चांगले काउन्सेलर आहेतच, पण काही महिन्यांचा कोर्स करूनही ती पाटी लागते.

हा फरक न कळल्याची किंमत माझ्या मावशीने मोजली. नागपूरच्या महाल भागातल्या घरात भर दुपारी ती पडदे ओढून बसायची. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी उठायची नाही. ७ महिने एका काउन्सेलरकडे नेलं. तिथे रोज वहीत चांगले विचार लिहायला सांगत. शेवटी प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला लावलं, आणि टीएसएच खूप वाढलेलं निघालं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी नीट काम करत नव्हती. थायरॉइड कमी पडलं तरी माणूस असा खचतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

"नुसतं बोलायचे पैसे." सीबीटीसारख्या, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीत काय बदलायचं ते ठरतं, घरी करायचा सराव दिला जातो, पुढच्या भेटीत त्याचा हिशेब होतो. गप्पा त्या नव्हेत.

"गोळी सुटत नाही." नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशा लागत नाही. गुण यायलाच बहुधा २ ते ४ आठवडे जातात, आणि बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात. मनानेच एकदम बंद केल्या तर चक्कर येते, जीव घाबरतो. लोक त्यालाच सवय म्हणतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, हे खरं. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरसारख्या गंभीर मानसिक आजारात औषध वर्षानुवर्षं लागू शकतं, जसं मधुमेहात लागतं.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ फिरवा. फोन फुकट आहे, मराठीत बोलता येतं. कोणाकडेही गेलात तरी शिक्षण आणि नोंदणी क्रमांक विचारा, संकोच नको.

मावशीला ओपीडीत नेलं त्या दिवशी काकांनी ऑटो पागलखाना चौकाच्या बराच अलीकडे थांबवला होता, कोणी पाहू नये म्हणून. उन्हात मावशी पायी चालली. पुढच्या तारखेला मात्र ऑटो थेट गेटपाशी नेला.