मान दुखत्येय त्याची, नाटक नाही करत

आज संध्याकाळी विजापूर रोडला एक पोरगं स्कूटीवर, एका हातात साखळी, आणि मागं बीगल जातीचं कुत्रं पळतंय. पळतंय काय, ओढलं जातंय. थांबलं की गळ्याला हिसका, परत हिसका. मी गाडी आडवी लावून बोललो तर म्हणतो, "काका, व्यायाम लागतो ओ त्याला, लई आळशी झालंय." चहाच्या टपरीवरचे चार जण हसले. डोकं सणकलंय म्हणून जेवायच्या आधीच लिहायला बसलोय, भाषा सांभाळून घ्या.

आमच्या आत्याचा बंड्या पण बीगलच. जुळे सोलापुरात राहतात ते. मागं एकदा त्यानं जेवण सोडलं, म्हणजे भांड्यापाशी यायचा, वास घ्यायचा, तिथंच उभा राहायचा आणि मागं फिरायचा. मामा म्हणाले नखरे, चिकन पाहिजे त्याला. चिकन दिलं, तरी तेच! हाक मारली की डोकं न उचलता नुसते डोळे वर करून बघायचा, आणि सगळे म्हणायचे बघा कसा रुसलाय. शेवटी आत्याच्या पोरीनं दोन पाट एकावर एक ठेवून त्यावर भांडं ठेवलं आणि पठ्ठ्यानं सगळं चाटून पुसून खाल्लं. भूक होती ओ, मान खाली जात नव्हती. डॉक्टरांनी मानेवरून हलका हात फिरवला तर आतले स्नायू फडफडायला लागले. मानेतली गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, सरकलेली.

आता हे आपल्या लोकांना कळत का नाही सांगतो. पाठीतली गादी फुटली की कुत्रं मागचे पाय ओढत चालतं, ते आंधळ्यालाही दिसतं. मानेत मज्जारज्जूभोवती जागा जरा ऐसपैस असते, त्यामुळं पाय लगेच जात नाहीत, नुसतं भयंकर दुखतं. कुणी एक पुढचा पाय उचलून धरतं, कुणी उचलून घेतलं की किंचाळतं, आणि आपण म्हणणार लाडावलंय. बंड्यालाही तेच म्हटलं ना सगळ्यांनी.

आणि हे सगळ्या कुत्र्यांत सारखं नसतं. मानेचे मणके सगळ्यांना सातच, आपल्यालाही सात, जिराफालाही सात. पहिल्या दोन मणक्यांमध्ये गादी नसतेच, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे पहिली, आणि बीगल-डॅशहाउंडच्या मानेत बहुतेक वेळा तीच दगा देते. लोकांना वाटतं लांब मान म्हणजे नाजूक. उलटं आहे, ग्रेहाउंडची केवढी लांब मान, त्याला हा आजार क्वचित. आखूड पायाच्या जातींत, म्हणजे डॅशहाउंड, फ्रेंच बुलडॉग, पेकिनीज, शिह त्झू, यांच्या गाद्या पहिल्या वर्ष-दीड वर्षातच पाणी सोडून चुन्यासारख्या कडक व्हायला लागतात. बीगलचे पाय काही तितके आखूड दिसत नाहीत, पण गाद्या त्याच पंथातल्या. याचं कारण, 12व्या क्रोमोसोमवर एका जीनची जास्तीची कॉपी बसलेली असते, 2017 ला शोधून काढलंय हे. डॅशहाउंडमध्ये पाचातल्या एकाला तरी आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो. पिल्लू विकणारा सांगतो का हे? तो फक्त "केसीआय पेपर आहेत सर", म्हणजे केनेल क्लबची जातीची कागदपत्रं, एवढंच सांगणार आणि आपण पेढे वाटणार. डॉबरमनचं वेगळंच, त्याची मान खालच्या बाजूला, पाचव्या ते सातव्या मणक्यात दबते, मागचे पाय डुलायला लागतात आणि मालक म्हणतो वय झालं.

हां, पट्ट्याच्या हिसक्यानंच गादी फुटते असं काही नाही, ती आतून आधीच खराब झालेली असते, मान्य. गावठी कुत्र्यालाही होऊ शकतं, तेही मान्य. म्हणून काय दुखऱ्या मानेला साखळी बांधून स्कूटीमागं पळवायचं? छातीचा हार्नेस मिळतो की ओ बाजारात, एक पिझ्झा कमी खा.

बंड्याचं ऑपरेशन नाही करावं लागलं. कित्येक आठवडे पिंजऱ्यात बसवून ठेवला, औषधं, सू-शीला हार्नेस लावून अंगणापर्यंत आणि परत आत. आत्या त्या पिंजऱ्याशेजारी बसून शेंगा निवडायची, याला एकटं वाटू नये म्हणून. मामा, जे नखरे म्हणत होते, ते रात्री उठून बघून यायचे. हे लिहिताना राग जरा उतरला माझा.

एक मात्र हात जोडून सांगतो, कुत्रं दुखण्यानं कण्हतंय म्हणून घरातली माणसांची पेनकिलर देऊ नका, पोटात रक्तस्राव होतो, किडनी-लिव्हर जातं. आणि ज्यांना डॅशहाउंडच पाहिजे त्यांनी घ्या बाबा, गोड असतं ते, पण आईबापाला मणक्याचा त्रास होता का एवढं विचारून घ्या, सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका आणि वजन वाढू देऊ नका. आता रोज रात्री त्याच्या तोंडात तूप लावलेली पोळी कोंबणाऱ्या आज्जीला हे कोण सांगणार, ते तुमचं तुम्ही बघा.