बेंबीत तूप घालून काचबिंदू थांबत नाही

गेल्या महिन्यात सांगलीला मावशीकडे गेलो होतो. लोणच्याची बरणी काढायला फ्रिज उघडला, तर दारात काचबिंदूच्या थेंबांची बाटली. सीलही तोडलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी मीच आणून दिलेली. विचारलं तर म्हणाली, "अरे, ते थेंब फार चुरचुरतात. मी आता रात्री झोपताना बेंबीत गाईचं तूप घालते, तीन थेंब. ग्रुपवर आलंय, डोळ्याची नस मोकळी होते म्हणून." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्यातला दाब 28 निघाला. साधारण 21 च्या आत असावा लागतो.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. थोडक्यात असा: नाभीमागे 'पेचोटी' नावाचा अवयव असतो, त्यातून 72,000 नसा शरीरभर जातात. एका 62 वर्षांच्या गृहस्थांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं, कारण डोळ्याच्या नसा सुकल्या. कोणती नस सुकली हे नाभीला कळतं आणि तिथे घातलेलं तेल ती त्याच नसेकडे पाठवते. मग यादी: डोळ्यांना तूप, गुडघ्यांना एरंडेल, अंग थरथरत असेल तर मोहरीचं तेल. हे सगळं 'आपलं प्राचीन विज्ञान' म्हणून.

आधी डोळ्याचंच घेतो, कारण माणूस आंधळा होतो तो इथे. डोळ्याची नस म्हणतात तो मज्जातंतू बुबुळामागच्या दृष्टिपटलापासून निघतो आणि कवटीच्या भोकातून आत जातो. लांबी जेमतेम साडेचार-पाच सेंटिमीटर. तेवढ्यात साधारण दहा-बारा लाख तंतू असतात. पुढे दोन्ही डोळ्यांचे तंतू एकमेकांना भेटतात, निम्मेअधिक बाजू बदलतात आणि संदेश मेंदूच्या मागच्या टोकाला, डोक्याच्या मागच्या भागात पोचतो. म्हणजे पाहण्याचा सगळा कारभार कवटीच्या आत. यातला एकही धागा मानेपर्यंतसुद्धा उतरत नाही, बेंबी तर दूरच.

आणि ही नस 'सुकत' नाही. ती पाण्याचा पाइप नाही, तिच्यातून विजेसारखे संदेश जातात. तिला तेलपाणी करून मोकळं करण्यासारखं आत काही तुंबलेलं नसतं. काचबिंदूत बहुधा डोळ्यातल्या द्रवाचा दाब वाढतो आणि ते तंतू मागच्या बाजूला हळूहळू मरतात. आधी कडेचं दिसणं जातं, समोरचं शाबूत असतं, म्हणून माणसाला कळतही नाही. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. थेंब गेलेली नजर परत आणत नाहीत, उरलेली राखतात. मावशीने दोन महिने नेमकी तीच राखण बंद ठेवली होती.

या गोंधळाचं मूळ मला 'नस' या शब्दात दिसतं. सलाइन लावताना नर्स म्हणते "नस सापडत नाही", ती शीर, रक्ताची. "मानेची नस दबली" म्हणतो, तो मज्जातंतू. रात्री पोटरीत गोळा येतो तेव्हा "नस चढली" म्हणतो, तो तर स्नायू. तीन वेगळ्या गोष्टींना आपण एकच नाव दिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने तिन्हींची मोट बांधली आणि बेंबीला नेऊन जोडली.

आता 72,000. मेंदूतून मज्जातंतूंच्या 12 जोड्या निघतात, मज्जारज्जूतून 31. एकूण 43. बेंबीतून एकही निघत नाही. उलट बेंबीच्या कातडीला स्पर्श कळतो तो छातीच्या भागातल्या दहाव्या जोडीमुळे. ती पाठीच्या कण्यातून निघून बरगडीखालून वळसा घालत पुढे येते. पेशीच मोजायच्या तर ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी 2009 साली मोजल्या: एका मेंदूत सरासरी 8,600 कोटी चेतापेशी. कुठल्याच हिशेबात 72,000 बसत नाहीत. पेचोटी नावाचा अवयव तर शरीररचनेत नाहीच.

हा आकडा जुना आहे, हे मात्र कबूल करावं लागतं. बृहदारण्यक उपनिषदात 'हिता' नावाच्या 72,000 नाड्या सांगितल्यात. पण त्या हृदयातून निघतात, 'हृदयात्' असा स्वच्छ शब्द आहे, आणि तिथे चर्चा गाढ झोपेची चाललीय, चष्म्याच्या नंबराची नाही. सुश्रुतसंहितेत नाभी हे सिरांचं मूळ म्हटलंय, तेही खरं. पण सुश्रुतांचा आकडा 700. पाटाच्या पाण्याने शेत भिजावं तसं सिरा शरीर भिजवतात, अशी त्यांची सुंदर उपमा आहे. गर्भाच्या बाबतीत ती अगदी चपखल बसते, कारण पोटातल्या बाळाला सगळं पोषण नाळेतल्या एका शिरेतून मिळतं. जन्मानंतर ती शीर बंद होते आणि तिचा नुसता दोरीसारखा पट्टा उरतो. नाळेत मज्जातंतू नसतात, म्हणून ती कापताना बाळाला दुखत नाही. प्राचीन ज्ञानाचा एवढा अभिमान असेल तर निदान ते ग्रंथ उघडून तरी बघा.

आतड्याच्या भिंतीत मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं आहे, कोट्यवधी पेशींचं, हेही खरं. पण ते आतड्यात. बेंबीच्या खळग्यात घातलेलं तूप कातडीवरच राहतं आणि सकाळी पातळाला लागतं.

मृत्यूनंतर नाभी तीन तास गरम राहते, असंही त्या मेसेजात आहे. सगळं धडच हातापायांपेक्षा सावकाश थंड होतं. गुडघे आणि थरथर यांच्यावर शब्द घालवत नाही, फक्त अंग नव्याने थरथरू लागलं असेल तर आधी मेंदूविकाराच्या डॉक्टरांना दाखवा. आणि घरात तान्हं बाळ असेल तर नाळ गळून पडेपर्यंत तिथे तेल, तूप, हळद काही लावू नका. ती कोरडी ठेवायची.

डॉक्टरांनी मावशीचे थेंब बदलून दिले, नवे चुरचुरत नाहीत. थेंब चुरचुरतात हे तिला डॉक्टरांना आधीच सांगता आलं असतं. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा, हेही त्यांनी दाखवलं. निघताना तिने विचारलं, "मग तूप बंद करू का रे?" म्हटलं, पोटाला लाव हवं तर, पण आधी थेंब. आता रोज रात्री नऊला मी फोन करतो आणि तिची दोन मिनिटं होईपर्यंत फोन चालू ठेवतो.