जमैकातली गुलामगिरी एकट्या पाद्र्याने संपवलेली नाही

आमच्या भाचीने शाळेतल्या भाषणासाठी व्हॉट्सअॅपवरचा एक मेसेज जसाच्या तसा उतरवून घेतला आणि मला वाचून दाखवला, म्हणून हे लिहायला बसलोय. तुमच्याकडेही आला असेल. जमैकातल्या (कॅरिबियन समुद्रातलं बेट, तेव्हा ब्रिटनची वसाहत) फॅलमथ गावचं जुनं बॅप्टिस्ट चर्च (बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ), तिथले पाद्री विल्यम निब, आणि मग दावे: गुलाम शांतपणे प्रार्थना करत राहिले आणि निबनी त्यांना सोडवलं, चर्च पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरोधातच होतं, 1834 मध्ये सगळे एका दिवसात मोकळे झाले आणि त्यांनी फॅलमथला साखळदंड शवपेटीत घालून पुरले, आणि इंग्लंडने गुलामांना 2 कोटी पौंड भरपाई दिली.

'शांतपणे प्रार्थना करत राहिले' हे सगळ्यात खोटं आणि सगळ्यात वाईट. अहो, 1831 च्या नाताळानंतर जमैकात जे पेटलं त्याला इतिहासात नावच 'बॅप्टिस्ट वॉर' आहे! त्याचा म्होरक्या सॅम शार्प, स्वतः गुलाम, माँटेगो बे या गावच्या बॅप्टिस्ट चॅपलमध्ये (छोट्या चर्चमध्ये) डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा सेवक. त्याला लिहितावाचता येत होतं, पेपरात काय आलंय ते तो बाकीच्यांना सांगायचा. प्रार्थनासभा संपली की निवडक माणसं मागे थांबायची आणि बायबलवर शपथ घ्यायची, की नाताळची सुट्टी संपली की मजुरी मिळाल्याशिवाय ऊस तोडायला जायचं नाही. म्हणजे मुळात हा संप होता. 27 डिसेंबरला केन्सिंग्टन इस्टेटला, म्हणजे उसाच्या मळ्याला, आग लागली आणि मग ते कुणाच्याच हातात राहिलं नाही, साठेक हजार लोक उठले असं मानतात. गोरे मेले 14. उठाव करणारे लढाईत दोनेकशे मेले आणि नंतर तीनशेच्या वर लोकांना मारलं, बहुतेकांना फासावर चढवून, कित्येकांचे खटले तर नावापुरते. शार्पला 23 मे 1832 ला माँटेगो बेच्या बाजारचौकात फाशी दिली. आणि त्याच्या मालकाला, 'मालमत्ता' गेली म्हणून, 16 पौंड 10 शिलिंग दिले. पुढच्याच वर्षी, 1833 च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या पार्लमेंटने गुलामगिरी बंद करायचा कायदा केला, कारण असंच चालू ठेवलं तर पुन्हा भडका उडणार हे तिथे कळून चुकलं होतं. या माणसांना 'शांत बसलेले' म्हणायचं आणि ते पोरांच्या तोंडी द्यायचं, हे मला सहन होत नाही. जमैकाच्या नोटेवर शार्पचा चेहरा आहे, मेसेजमध्ये त्याचं नावसुद्धा नाही.

आता निबबद्दल. माणूस चांगला होता, हे मान्य करायलाच लागेल. उठावानंतर त्याला अटक झाली, फॅलमथचं चॅपल गोऱ्यांच्या मिलिशियाने (स्थानिक हत्यारबंद दलाने) पाडलं, आणि तो इंग्लंडला जाऊन गावोगाव बोलला, पार्लमेंटच्या समित्यांपुढे साक्ष दिली. त्याचा उपयोग झालाच. पण त्याला पाठवणाऱ्या बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटीची (आपल्याकडे सेरामपूरहून 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापणारे विल्यम कॅरी याच संस्थेचे) मिशनऱ्यांना ताकीद होती की राजकारणात पडायचं नाही. आणि जमैकात बॅप्टिस्ट पंथ इंग्लंडहून आलाच नाही. 1783 च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या जॉर्ज लाइल नावाच्या काळ्या, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसाने किंग्स्टनमध्ये तो सुरू केला. गोरे बॅप्टिस्ट मिशनरी त्यानंतर तीस वर्षांनी आले.

'चर्च पहिल्यापासून विरोधात' याचं उत्तर बार्बाडोस या दुसऱ्या ब्रिटिश बेटावर आहे. तिथली कॉड्रिंग्टनची उसाची इस्टेट चर्च ऑफ इंग्लंडच्याच मिशनरी संस्थेची होती. तिथल्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने 'सोसायटी' (म्हणजे ती संस्था) असा शब्द डागायचे. या चर्चने 2006 मध्ये माफी मागितली.

2 कोटी पौंडांचा आकडा खरा आहे. ब्रिटिश सरकारच्या तेव्हाच्या वर्षभराच्या खर्चाच्या चाळीसेक टक्के. पण ते मिळाले मालकांना, गुलामांना एक पेनीसुद्धा नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचा 'लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी' हा डेटाबेस फुकट आहे, तो उघडा. कोणत्या मालकाने किती गुलामांचे किती पैसे मागितले, नावागावासकट आहे, त्यात पाद्रीही सापडतात. कॉड्रिंग्टनचे 411 गुलामांसाठी 8,800 पौंडांच्या वर मिळाले. या सगळ्या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेलं कर्ज 2015 मध्ये फिटलं, हे ब्रिटनच्या अर्थखात्यानेच सांगितलंय.

1834 चं म्हणाल तर त्या वर्षी जमैकात पूर्ण मोकळी झाली फक्त सहा वर्षांखालची मुलं. बाकीचे 'अप्रेंटिस', म्हणजे त्याच मालकाकडे आठवड्याला चाळीसेक तास फुकट राबायचं, ऐकलं नाही तर वर्कहाऊसमध्ये, म्हणजे तुरुंगात, ट्रेडमिलवर (पायांनी फिरवत राहायच्या शिक्षेच्या चाकावर) चढवायचे. खरी सुटका 1 ऑगस्ट 1838 ला. त्याच्या आदल्या रात्री फॅलमथला शवपेटीत साखळदंड, चाबूक आणि लोखंडी गळपट्टा ठेवून पुरला, पेटीवर लिहिलं होतं की वसाहतींमधली गुलामगिरी वारली, वय 276 वर्षं. एवढा प्रसंग मेसेजमध्ये बरोबर आहे, फक्त साल चुकलंय.

आणि निबची बाजू मांडायचीच तर त्याच्या पुढचं सांगा ना! सुटका झाल्यावर मळेवाले झोपड्यांचं भाडं मागायला लागले, नाहीतर बाहेर काढायचे. तेव्हा बॅप्टिस्ट पाद्र्यांनी जमिनी विकत घेऊन तुकडे पाडून लोकांना दिले, निबने वसवलेल्या गावाला त्याच्या जन्मगावाचंच नाव, केटरिंग. त्या तुकड्यांचे पैसे लोकांनी स्वतःच्या मजुरीतून भरले.