पेडल ‘सेट’ होत नसतं, मिस्त्री!

नवे पॅड, नव्या डिस्क, नवं ब्रेक ऑइल आणि एवढं करून ब्रेकचं पेडल लिबलिबीत. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘नवीन काम आहे ना साहेब, पन्नास किलोमीटर चालवा, होईल सेट.’ काय होईल सेट? नवे पॅड डिस्कवर बसायला शे-दोनशे किलोमीटर लागतात, मान्य. जुन्या, खाचा पडलेल्या डिस्कवर नवे पॅड टाकले तर सुरुवातीला जरा मऊ लागतं, तेही मान्य. पण पाय पार फ्लोअरपर्यंत जात असेल तर ते पॅडचं बसणं नव्हे, ते अर्धवट काम आहे. आणि हे पन्नास किलोमीटर चालवायचे कुठे? पेडर रोडच्या उतारावर, पुढे बेस्टची बस आणि मागे टँकर असताना?

संताप याचा येतो की पेडल स्वतःच सांगत असतं काय चुकलंय. ते ऐकायला दोन मिनिटं लागतात. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा पटापट मारा. पहिल्यांदा खोल गेलं आणि नंतर वर येऊन दगडासारखं घट्ट झालं, तर हवा नाही, कुठल्यातरी चाकाच्या ब्रेकमध्ये फट जास्त आहे. वर आलं पण तरी स्प्रिंगसारखं दबतंय, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे. पाय एकसारखा दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइलला दाब देणाऱ्या सिलिंडरचं) सील आतल्या आत ऑइल सोडतंय. मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं की बुस्टर (पायाचा जोर वाढवणारा डबा) ठीक. नाहीच हललं तर व्हॅक्यूमचा पाइप आणि त्याचा वन-वे व्हॉल्व्ह बघा. झाली तपासणी. एक पानासुद्धा उचलावा लागत नाही.

पण नाही! तक्रार काहीही असो, इलाज एकच: पुन्हा एअर काढ, अजून एक बाटली ओत.

मुंबईत धावणाऱ्या बहुतेक लहान गाड्यांना मागे डिस्कऐवजी ड्रम असतात. निम्म्या वेळा दोष तिथे असतो आणि तिथे कोणी डोकावत नाही. नवे शू (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) टाकले, अ‍ॅडजस्टर (शू आणि ड्रममधली फट भरणारा स्क्रू) आत फिरवून ड्रम चढवला, संपलं. शू ड्रमपासून लांब, त्यामुळे शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरला ऑइल जास्त लागतं आणि पेडल पहिल्या दाबात खोल जातं. हँडब्रेक लूज लागतो म्हणून मग केबल ताणतात. हा तर कहर! केबल ताणली की आतला लिव्हर आधीच उचललेला राहतो, सेल्फ-अ‍ॅडजस्टर काम करेनासा होतो आणि फट तशीच राहते. आधी केबल सैल करायची, मग ड्रम चढवताना शू हलके घासतील इतका अ‍ॅडजस्टर बाहेर काढायचा, पेडल मारून शू मध्यभागी आणायचे आणि सगळ्यात शेवटी केबल. डावा-उजवा अ‍ॅडजस्टर अदलाबदल केला तर आटे उलटे असल्यामुळे तो फट भरायच्या ऐवजी वाढवत जातो. खोलताना खडूने एक खूण करायला काय जातं?

असाच उजेड कॅलिपरचा, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाचा. दोन्ही कॅलिपर एकदम काढले आणि डावा उजवीकडे बसवला, तर हवा काढायचा निपल खाली जातो. हवा कुठे जमते? वर! अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी धरा, बुडबुडा कुठे जातो ते शाळेतलं पोरही सांगेल. निपल खाली असेल तर दहा बाटल्या ओता, नळीतून स्वच्छ ऑइल येईल, एक बुडबुडा दिसणार नाही आणि पेडल मात्र तसंच. निपल वरच्या टोकालाच हवा. होजच्या (रबरी नळीच्या) बोल्टला दोन्ही बाजूंनी तांब्याची वॉशर लागते, ती नवी घाला. जुनी चेपलेली वॉशर पुन्हा आवळली की तिथून ऑइल पाझरतं.

एअर काढायची पद्धतही बघवत नाही. नळीचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं हवं, पाय उचलायच्या आधी निपल बंद झालेला हवा. आत बसलेला पोऱ्या मोबाइल बघत पाय उचलतो आणि बाहेर निपल उघडाच. जेवढी हवा काढली तेवढी परत आत. ऑइलची वरची टाकी रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. आपल्याकडे स्टीअरिंग उजवीकडे, म्हणून साधारणपणे मागचं डावं चाक आधी आणि पुढचं उजवं शेवटी. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळायचा. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनर लावून पंप फिरवल्याशिवाय ती निघत नाही. नुसतं ‘मार, मार, धर’ ओरडून काय होणार?

आणि ते जोरजोरात फ्लोअरपर्यंत पेडल मारणं! जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पार टोकाच्या भागात सील कधी गेलेलंच नसतं, तिथे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल पार खाली दाबलं की सील त्यावरून घासत जातं आणि फाटतं. सकाळी चांगला असलेला मास्टर सिलिंडर संध्याकाळी खराब, वर गिऱ्हाइकालाच ऐकवायचं, ‘तो पण गेलेला होता साहेब.’ पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला असता तर खर्च वाचला असता. नवा टाकणारच असाल तर गाडीवर चढवण्याआधी टेबलावर त्यातली हवा काढा, नाहीतर तीच हवा पुढे लाइनमध्ये.

ऑइलबद्दल तर बोलायलाच नको. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांना उकळतं. हवेतलं पाणी शोषल्यावर मानकाची मर्यादा १५५ अंशांवर येते. मुंबईच्या जुलैत झाकण उघडं टाकून, महिनाभर फळीवर ठेवलेली बाटली ‘नवीन ऑइल’ म्हणून ओतायची? उतारावर ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पुन्हा लिबलिबीत.

गाडी परत देताना इंजिन चालू ठेवून अर्धा मिनिट पेडल दाबून बघायला यांना वेळ नसतो. डॅशबोर्डला पॉलिश मारायला मात्र पाऊण तास असतो.