‘मर्डर बाय डिक्री’ बघून रिपर सापडला म्हणणाऱ्यांसाठी

१८८८ मध्ये लंडनमध्ये बायकांचे खून करून कधीच न सापडलेला खुनी म्हणजे जॅक द रिपर. त्याच्यावरच्या १९७९ च्या ‘मर्डर बाय डिक्री’ या पिक्चरची क्लिप परत फिरतेय, सोबत ठरलेला मजकूर: ‘सत्यघटना! जॅक द रिपर म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा डॉक्टर विल्यम गल. राजपुत्राचं कॅथलिक मुलीशी गुपचूप झालेलं लग्न दाबायला त्याने बायकांना बग्गीत मारलं, पोलिसांनी पुरावा पुसला.’ अहो, ज्या पिक्चरमध्ये तपासाला शेरलॉक होम्स आहे तो सत्यघटना कसा होईल? डॉक्टरचं नावसुद्धा त्यांनी बदलून स्पायव्ही केलंय.

पिक्चर मस्तच आहे, वाद नाही. वॉटसन झालेला जेम्स मेसन ताटातला शेवटचा मटार काट्यावर घ्यायला धडपडतोय आणि होम्स सरळ तो मटार चिरडून टाकतो, तेव्हाचं मेसनचं तोंड बघाच.

आता डॉक्टर. १८८८ मध्ये गल ७१ वर्षांचे, आदल्याच वर्षी त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला आणि हा माणूस म्हणे रात्री-अपरात्री जिथे खून झाले त्या लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या बोळांत सुरा घेऊन फिरतोय.

बग्गीचं तर विचारूच नका. खून झालेल्यांपैकी अ‍ॅनी चॅपमन सापडली २९ हॅनबरी स्ट्रीटच्या मागच्या अंगणात, तिथे जायला घरातूनच जाणारा अरुंद बोळ, वर भाडेकरू खच्चून भरलेले, त्यातून प्रेत उचलून नेलं आणि कुणाला चाहूल नाही? मेरी केली तर स्वतःच्या खोलीतच मारली गेली.

लग्नाचं म्हणाल तर १७७२ च्या कायद्यानुसार राणीच्या परवानगीशिवाय २५ च्या आतल्या राजपुत्राने केलेलं लग्न मुळात रद्दबातलच. राजपुत्र होता २४ चा. कागदावर जे लग्नच नाही ते लपवायला पाच खून?

पुरावा पुसला हे मात्र खरंय! एका खुनाच्या रात्री जवळच्या भिंतीवर सापडलेलं, ज्यूंबद्दल खडूने लिहिलेलं वाक्य पोलीस कमिशनर वॉरनने फोटो काढायच्या आधीच पुसायला लावलं. पण सकाळ रविवारची, शेजारी पेटिकोट लेनचा बाजार भरणार, ‘लेदर एप्रन’ नावाचा कुणी ज्यूच खुनी आहे या अफवेवरून लोक आधीच ज्यूंवर भडकलेले, दंगल पेटेल ही भीती त्याने नंतर होम ऑफिसला लेखी कळवली. निर्णय गाढवपणाचा म्हणा हवं तर, कट कुठे दिसतो?

आणि ही अख्खी गोष्ट आली जोसेफ सिकर्ट नावाच्या माणसाच्या तोंडून. १९७८ मध्ये त्यानेच पेपरात कबूल केलं की रिपरचा भाग आपण रचला, पुढे परत शब्द फिरवला ते सोडा. पिक्चर लागला त्या कबुलीच्या नंतर.